पाचव्या लेकराची वाट

बालमित्रांनो, आरोग्य केंद्राच्या मागच्या कोठीत, फिनाईलचे रिकामे कॅन आणि मोडलेला वजनकाटा यांच्या मधल्या जागेत एक निळा डबा पडला आहे. त्याच्या झाकणाची एक कडी तुटली आहे आणि खांद्याला अडकवायचा पट्टा उंदरांनी कुरतडला आहे. तो डबा म्हणजे मी. माझ्या पोटात सध्या जुन्या बॅनरच्या दोऱ्या आहेत. पूर्वी तिथे बर्फ असे, आणि बर्फाच्या मध्ये गोवराच्या लशीच्या काचेच्या कुप्या असत.

मी एका प्लास्टिकच्या कारखान्यात जन्मलो. आत एक भिंत, बाहेर एक भिंत आणि दोन्हींच्या मध्ये फेसासारखा भरलेला फोम, असा माझा देह. तयार झाल्यावर एका कामगाराने माझ्यात बर्फ भरून मला दोन दिवस उन्हात ठेवले. तिसऱ्या दिवशी झाकण उघडून आत हात घातला आणि तो म्हणाला, "चालेल." एवढीच माझी परीक्षा. १९९१ च्या पावसाळ्यात मी ट्रकने बीडला आलो आणि तिथून जीपने या केंद्रात. बाहेरच्या मालाला आता देशाची दारे उघडणार, असे तेव्हा लोक बोलत होते. मला एकच गोष्ट शिकवलेली होती, थंड राहायचे.

ते का, हे सांगतो. गोवराची लस उन्हात मरते, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. म्हणून मोठ्या फ्रीजमधून ती माझ्यात यायची. पाणी भरून गोठवलेल्या चार चपट्या बाटल्या माझ्या चार बाजूंना लावायच्या आणि मधल्या पोकळीत कुप्या ठेवायच्या. कुपीत पांढरी पूड असते. तिची काचेची मान फोडून आत पाणी घालायचे, की लस तयार. एका कुपीत पाच लेकरांची लस. मात्र पाणी घातल्यावर चार तासांत ती वापरावी लागते. नंतर उरलेली लस फेकून द्यायची.

मला खांद्यावर नेणारी नर्स म्हणजे रोहिणीबाई. ती गेवराईकडची, तेव्हा एकोणतीस वर्षांची. लिंबागणेशच्या पुढे डोंगरात शेंदरवाडी नावाचे गाव आहे. ते गाव आणि भोवतालच्या चार वस्त्या तिच्याकडे होत्या. फाट्यावर जीपमधून उतरायचे आणि अडीच किलोमीटर चढण चालायची. ती माझ्याशी कधी बोलली नाही, पण पट्ट्यावरच्या तिच्या हाताची पकड मला कळायची. लेकरे बरीच जमली असली तर परतताना पकड सैल असे. पहिली दोन वर्षे ती बहुधा सैलच असायची. गावातल्या बाया मला 'बाईंचा थंडा डबा' म्हणत आणि माझ्या झाकणावर गाल टेकवून हसत. माझ्या वाट्याला आलेले खरे कौतुक म्हणाल तर ते तेवढेच.

मग १९९३ मध्ये रोहिणीबाईने एका वस्तीवर दोनच लेकरांसाठी कुपी फोडली. तिघांची लस उरली, ती फेकावी लागली. महिन्याच्या बैठकीत केंद्राच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिला उभे केले. साहेब वाईट माणूस नव्हते. किती लस वाया गेली याचा आकडा त्यांना वरच्या बैठकीत वाचून दाखवावा लागे आणि आदल्या आठवड्यात तो वाचताना त्यांचाही अपमान झाला होता.

"काय हो रोहिणीबाई," ते म्हणाले, "सरकारची लस म्हणजे तुमच्या घरचं ताक आहे का, उरलं की ओतलं?"

सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला. साहेब पुढे म्हणाले, "पाच असतील तरच फोडायची. चार असले तरी नाही."

मित्रांनो, हा हुकूम कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. पण त्या दिवसापासून आमच्या केंद्रातल्या सगळ्या नर्सा तो लिहिल्यासारखा पाळू लागल्या.

१९९४ चा दसरा झाला. दसऱ्यानंतर शेंदरवाडी रिकामी होते. ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. असे चाळीस कोयते त्या गावातून लेकराबाळांसह, बैलगाड्यांसह साखर कारखान्यांकडे जात आणि पाडव्याच्या आसपास परत येत. मधले पाच महिने गावात म्हातारी माणसे, दोन-चार शेतकरी आणि मन्मथप्पांचे किराणा दुकान एवढेच उरे.

कोयते निघायच्या आदल्या दिवशी गुरांचे डॉक्टर त्रिंबक तिथे बैलांना बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीची, लस टोचायला आले. त्यांच्या डब्याला चीर गेली होती म्हणून त्यांनी एका दिवसापुरते मला मागून नेले. त्यांच्याच जीपमधून रोहिणीबाईही आली. तिला गरोदर बाया तपासायच्या होत्या.

मन्मथप्पांच्या दुकानासमोर बैल ओळीने उभे होते. त्रिंबक डॉक्टरांनी मोठी बाटली काढली, पाणी घातले, बावीस बैल टोचले आणि जवळजवळ पाऊण बाटली उरलेले औषध उकिरड्यावर ओतून दिले.

"आरं देवा! डॉक्टर, येवढं सांडलं?" मन्मथप्पा ओट्यावरून ओरडले. साठी उलटलेला माणूस, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मांडीवर सात महिन्यांची नात रुद्राणी. "येवढं तेल माझ्या हातून सांडलं आसतं तर आमच्या म्हातारीनं मला जेवू घातलं नसतं."

"अप्पा, एक बैल सुटला तर गावाची दावण रिकामी होती," डॉक्टर हात धूत म्हणाले. "बाटलीचं काय घेऊन बसलात? आन बुळकांडी म्हंजे कोण, म्हायती हाय का? लेकरांच्या गोवराची थोरली बहीण. ती कोंबड्यांची मानमोडी, लेकरांचं गालगुंड, कुत्र्यायला झटके येतात तो ताप, समदं एकच खानदान. त्यातला गोवर लई पळतो. एका घरात शिंकला की आळी धरतो."

"मंग आमच्या रुद्रीला बी टोचा की याच रांगेत," अप्पा म्हणाले. बैल धरून उभे असलेले गडी हसले.

रोहिणीबाईही हसली. तिने रुद्राणीच्या गालाला बोट लावले. "तिला नऊ महिने भरू द्या, अप्पा. जानेवारीत मी सोता येऊन टोचते. माझा शब्द."

"कोयते परतायच्या आत उरका, बाई," त्रिंबक डॉक्टर जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "कारखान्याच्या तळावर दर साली गोवर आसतोच. ती लेकरं घेऊन येतात."

दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या. लस टोचलेले बावीस बैल पुढे, आणि मागे गाड्यांत भांड्यांवर बसलेली, लस न टोचलेली लेकरे.

१० जानेवारीला आम्ही शेंदरवाडीत गेलो. माझ्यात गोवराच्या दोन कुप्या होत्या. अंगणवाडीची मदतनीस साखराबाई घरोघर हाक मारून आली. अकरा वाजेपर्यंत नऊ महिन्यांवरची तीन लेकरे जमली. त्यांत रुद्राणी होती. तिची आई कावेरी बावीस वर्षांची. लेकराला काजळतीट लावून, नवे झबले घालून घेऊन आली होती.

"तीनच?" रोहिणीबाईने विचारले.

"बाई, गाव हाय कुठं?" साखराबाई म्हणाली. "समदं पोरसोर उसाला गेलतं दसऱ्यालाच. आता काय मी लेकरं कुंभाराकडून घडवून आणू?"

रोहिणीबाईने एकपर्यंत वाट पाहिली. मग ती मला खांद्यावर टाकून पलीकडच्या वस्तीवर गेली. तिथे चौथे लेकरू होते, पण त्याला सातच महिने झाले होते. ती परत आली तेव्हा कावेरी ओट्यावर बसून होती.

"पुढच्या खेपेला, कावेरी."

"पर बाई, डब्यात हाय न्हवं औषध?"

"हाय. पर पाच लागतात."

"पाच लेकरं मी कुठून आणू?" कावेरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरेच समजत नव्हते.

मी त्या दिवशी अगदी नीट थंड होतो, मित्रांनो. माझ्या कामात कसलीही कसूर नव्हती. कुप्या जशा नेल्या तशा परत आणल्या.

पण दिलेला शब्द रोहिणीबाईच्या मनात टोचत राहिला. तिने निरोप धाडला की बुधवारी केंद्रातच लसीकरण असते, तिथे चार गावची लेकरे येतात, तिकडे या. १५ फेब्रुवारीला कावेरी आणि तिची सासू दानम्मा रुद्राणीला घेऊन जीपने चौदा किलोमीटर आल्या. जीपमध्ये बसायला जागा नव्हती. दानम्मा मागच्या फळीवर उभ्याने आली.

मी टेबलावर होतो. दहा वाजता एक लेकरू आले, साडेदहाला दुसरे. रुद्राणी तिसरी. बारा वाजता चौथे आले. रोहिणीबाईने कुपी बाहेर काढून फडक्यावर ठेवली, काच कापायची पाती शेजारी ठेवली आणि ती दाराकडे पाहत बसली. साहेब आतल्या खोलीत रुग्ण तपासत होते. त्यांचे दार उघडे होते.

एक वाजला. कुपीला घाम आला म्हणून तिने ती पुन्हा माझ्यात ठेवली. दीड वाजता तिने आत जाऊन विचारले, "साहेब, चार झालेत. फोडू का?"

"पाचवा येईल की," साहेब मान वर न करता म्हणाले. "तीनपर्यंत थांबा."

"नर्सबाई," दानम्मा म्हणाली, "दोनची जीप गेली म्हंजे पार दिवस मावळायला जीप हाय. घरी म्हातारा येकलाच हाय, गिऱ्हाईक संभाळावं का चूल? टोचायची तर टोचा, न्हाईतर सांगा तसं."

रोहिणीबाईने पुन्हा झाकण उघडले. तिची बोटे कुपीवर आली. मी सगळ्यांत जवळ होतो, म्हणून खात्रीने सांगतो. तिने कुपी उचलली होती. तेवढ्यात आतून साहेबांच्या हसण्याचा आवाज आला. ते कुणा रुग्णाशी दुसऱ्याच गोष्टीवर हसत होते. पण रोहिणीबाईच्या कानांना ते हसणे त्या बैठकीतले वाटले असावे. तिने कुपी खाली ठेवली.

"पुढच्या महिन्यात मी नक्की घरी येते, अव्वा."

"तुमचं नक्की आमी जानेवारीत बी ऐकलं," दानम्मा म्हणाली आणि सुनेकडे वळली. "चल गं. ह्यांचं दुकान आपल्यापेक्षा बरं चालतंय. माल हाय, पर विकायचा न्हाई."

आणखी एक गोष्ट तेव्हा राहून गेली. गोवराच्या लशीबरोबर लेकराला अ जीवनसत्त्वाचे चमचाभर औषध पाजायचे असते. ते डोळ्यांना जपते. त्याची बाटली टेबलावरच उघडी होती, तिला पाच लेकरांची अट नव्हती. पण नोंदवहीत लस आणि औषध यांचा रकाना एकच होता. लस दिली नाही म्हणून रकाना भरता येईना आणि रकाना भरता येईना म्हणून औषध पाजले नाही. ही चूक रोहिणीबाईच्या ध्यानातही आली नाही. सगळ्याच नर्सा तसे करत.

दोनच्या जीपने त्या गेल्या. आणखी दोन आयाही उठून गेल्या. साडेतीनला पाचवे लेकरू आले. तेव्हा टेबलाशी एकच लेकरू उरले होते.

२३ फेब्रुवारीला केंद्राची वीज गेली आणि अडीच दिवस आली नाही. फ्रीजमधल्या बर्फाचे पाणी झाले. बावीस कुप्या निकामी झाल्या. जानेवारीत शेंदरवाडीला जाऊन आलेल्या दोन्ही कुप्या त्यांत होत्या. रोहिणीबाईने केंद्रामागे खड्डा खणून त्या पुरल्या. याबद्दल तिला कुणी काही बोलले नाही. विजेमुळे गेलेल्या लशीचा रकाना वेगळा असतो. तो आकडा नर्सेच्या नावावर पडत नाही.

मार्चमध्ये आम्ही शेंदरवाडीला गेलोच नाही. मार्चअखेर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट पुरे करायचे होते. रोहिणीबाई चार आठवडे बायांना शिबिराला नेत-आणत होती. मी फळीवर कोरडा पडून होतो.

पाडव्याच्या आधीच कोयते परतले, हे मला मागून गावात कळले. पहिल्याच गाडीत बजरंग नावाच्या तोडकऱ्याचा मुलगा होता, तापाने फणफणलेला, डोळे लाल, अंगावर पुरळ. गाडी मन्मथप्पांच्या दुकानासमोर थांबली. बजरंग मीठमिरची घ्यायला उतरला. पोर आईच्या कडेवर खोकत होते आणि ओट्यावर रुद्राणी रांगत होती. अप्पांनी पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. दहा-अकरा दिवसांनी रुद्राणीला ताप आला. त्या आळीत एकूण सतरा लेकरांना गोवर निघाला.

खबर मिळाली त्या दिवशी रोहिणीबाई चढण जवळजवळ पळत चढली. मी तिच्या पाठीवर आपटत होतो. माझ्यात चार कुप्या होत्या. निरोगी लेकरांना टोचायला साहेबांनी त्या आता न मागता दिल्या होत्या. तिच्या पिशवीत अ जीवनसत्त्वाची बाटली होती.

मन्मथप्पांच्या दाराला लिंबाचा पाला बांधलेला होता. मित्रांनो, गोवर निघाला की आमच्याकडे म्हणतात, घरात आई आली. मग घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, परक्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही आणि औषधाचे नाव काढायचे नाही. आई आपल्या पावलांनी येते आणि आपल्या पावलांनी जाते, असे मानतात.

दानम्मा उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"अव्वा, मला आत येऊ द्या. सुई टोचत न्हाई. एक चमचा औषध पाजते. डोळ्यासाठी हाय."

"आई घरात हाय, बाई. डबा घेऊन मागं सरा."

"अव्वा, पाया पडते. गोवरात डोळे जातात लेकरांचे."

"पाया माझ्या कावून पडता?" दानम्मा म्हणाली. "जानेवारीत तुमी परत लावलं. फेब्रुवारीत मी फळीवर उभी राहून आले, तवा बी परत लावलं. तवा ही बाटली न्हवती? तुमी मोजत बसलात. आईनं मोजलं न्हाई, तिनं सतरा लेकरं धरली. आता तुमचं ऐकू का तिचं?"

आतून लेकराचा खोकला ऐकू आला. कावेरी दाराच्या फटीत दिसली. ती पुढे यायला निघाली, पण सासूने हात आडवा केला. मन्मथप्पा ओट्याच्या टोकाला बसून होते. रोहिणीबाईने त्यांच्याकडे पाहिले.

"अप्पा, तुमी तरी."

अप्पांनी गळ्यातली लिंगाची डबी मुठीत धरली. मग हळूच म्हणाले, "बैलायचा नंबर आला, बाई. तिचा न्हाई आला. माझ्या तोंडानं आता म्हातारीला काय सांगू?"

रोहिणीबाई त्या दिवशी आळीतल्या सहा घरांत गेली. तीन घरांनी औषध घेतले. अप्पांच्या दारी ती पुढचे आठ दिवस रोज आली. रोज ओट्याच्या खालच्या पायरीवर मला ठेवायची, माझ्या शेजारी बसायची, थोड्या वेळाने उठायची. नवव्या दिवशी पाला सोडला. कावेरी लेकराला उजेडात घेऊन आली. पुरळ गेले होते, ताप उतरला होता. रुद्राणी हसलीही. पण तिच्या दोन्ही बुबुळांवर शिजलेल्या भातासारखा पांढरा पडदा चढला होता. कावेरीने तिच्या तोंडापुढे खुळखुळा धरला. लेकराने मान वळवली ती आवाजाच्या बाजूला.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात तिला दोनदा नेले. आठ दिवस आधी आणायला हवे होते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले.

साथीचा अहवाल रोहिणीबाईनेच लिहिला. छापील फॉर्म होता. 'लागण' या शब्दापुढे तिने सतरा लिहिले. 'मृत्यू' या शब्दापुढे शून्य. डोळ्यांसाठी रकाना नव्हता. तिने कागदाच्या खाली आपल्या हाताने एक ओळ लिहिली: 'एका बालिकेची दृष्टी गेली.' कारकुनाने पक्की प्रत करताना ती ओळ गाळली, कारण ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

आणि १ मे रोजी तालुक्याच्या सभागृहात रोहिणीबाईचा सत्कार झाला. लस सर्वांत कमी वाया घालवणाऱ्या नर्सांमध्ये तिचा नंबर पहिला होता. मलाही स्टेजवर नेले होते. माझ्या झाकणाला झेंडूचा हार घातला होता. साहेबांनी खूप टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मनात काही खोट नव्हती. त्यांनाही बरे वाटत होते. रोहिणीबाईने नारळ आणि प्रमाणपत्र घेतले, नमस्कार केला आणि ती स्टेजमागे जाऊन माझ्यात ओकली. मग नळाखाली मला तीनदा धुतले.

त्या डिसेंबरात पोलिओचे डोस देण्याची मोठी मोहीम आली. ढोल वाजले, फलक लागले, माझ्यासारखे वीस नवे डबे आले आणि एकेका लेकरासाठी माणसे घरी पाठवली गेली. ते चांगलेच झाले. पण त्या गर्दीतही रोहिणीबाईची पकड माझ्या पट्ट्यावर घट्टच होती.

पुढच्या वर्षी तिला घरची पेटी आवरताना प्रशिक्षणाच्या वेळची जुनी पुस्तिका सापडली. ती तिने केंद्रात आणून माझ्या झाकणावर उघडली. त्यात छापले होते: 'सत्राला एकच बालक आले तरी कुपी उघडावी.' त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. ती रेघ तिच्याच हातची होती. शिकत असताना तिला ते महत्त्वाचे वाटले होते.

तेव्हापासून ती एका लेकरासाठीही कुपी फोडू लागली. साहेब बैठकीत बोलले. ती उभी राहिली, तिने ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा कुपी फोडली. शेवटी १९९९ मध्ये तिची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. मला केंद्राची वस्तू म्हणून इथेच ठेवले. नवे डबे हलके होते. मला कोठीत टाकले.

बदलीच्या आधीच्या वर्षीचा एक दिवस मात्र सांगायला हवा. कावेरीला मुलगा झाला होता, बसवेश्वर. त्याला नऊ महिने भरले तेव्हा मन्मथप्पा त्याला अंगणवाडीत घेऊन आले. दानम्माने पाठवले होते. ती स्वतः आली नाही. अप्पांचे बोट धरून रुद्राणीही आली. ती चार वर्षांची झाली होती. त्यांनी तिला माझ्यावर बसवले. तिने माझ्या झाकणावर तळहात फिरवला आणि म्हणाली, "गार हाय."

तेव्हा तिथे बसवेश्वर सोडून दुसरे लेकरू नव्हते. रोहिणीबाईने कुणाची वाट पाहिली नाही. काच फुटल्याचा बारीक आवाज झाला. रुद्राणीने मान वर केली.

"अप्पा, काय फुटलं?"

"औषधाची कुपी, बाळा. बसूसाठी."

"मला फोडलती का?"

रोहिणीबाईच्या हातात सुई तशीच राहिली. मग अप्पांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितले, "तवा तुमी चारच होता."

रुद्राणीने बोटे दुमडून मोजले. चार तिला मोजता येत होते. "चार लई हायत की," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला उद्या भंगारात दिले तरी चालेल. मला आयुष्यभर जपले होते, माझ्यातली लसही नीट जपली होती, आणि तिचा काय उपयोग झाला ते तुम्ही ऐकलेत. पण तुमच्या गावात नर्सबाई येतात, तुमच्याही घरात लहान भावंडे असतील. लस डब्यात असताना बाई डबा बंद करून उठू लागल्या, तर तुम्ही त्यांच्या वाटेत उभे राहा. लहान आहोत म्हणून घाबरू नका. 'लेकरं कमी आहेत' असे त्या म्हणाल्या, तर एवढेच विचारा की किती लेकरांचे डोळे गेले म्हणजे पुरे होतात. बाई रागावतील, कदाचित रडतील. तरी वाट सोडू नका.